शेगडीमहाराजांचा अंगारा

बादलीतलं पाणी खदखदा उकळत होतं आणि बादलीखाली विस्तव नव्हता.

गॅसच्या टाकीसमोर अख्खी वस्ती लोटली होती. पोरं भिंतीवर, बायका पायऱ्यांवर, पुरुष जिथे पाय टेकेल तिथे. मधोमध चौरंगावर महाराज उभे होते. अंगात तांबडी कफनी, दाढीला तेल, डोळ्यांत काजळ. आत्ताच त्यांनी मूठभर पांढरा अंगारा त्या गार पाण्यात टाकला होता आणि डोळे मिटून काहीबाही पुटपुटले होते. आधी नुसती फुसफुस झाली, मग वाफ निघाली, मग पाण्याला अशी उकळी फुटली की पुढे बसलेल्या बायका पाय ओढून मागे सरकल्या.

"लाकूड नाही, कोळसा नाही, काडी नाही!" महाराज गरजले. "बेंबीत अग्नी, मुठीत अंगारा, मुखात मंत्र! आहे कुणाची छाती? घाला हात!"

गॅस कमिटीच्या अध्यक्षांनी छाती दाखवायला बोट बुडवलं, "आई गं!" म्हणून झटकलं आणि मग सगळ्यांना ते लाल बोट पदक मिळाल्यासारखं दाखवत फिरले.

"बेंबीत अग्नी असेल तर सकाळचा चहा तिथेच होत असेल," मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं.

पुढच्या दोघीतिघी फिसकन हसल्या. थोरल्या जाऊबाईंनी मान वळवून पाहिलं. बोलणारी कोण, हे पाहायची गरजच नव्हती. त्यांची धाकटी जाऊ, मास्तरीणबाई. वस्तीतल्या निम्म्या लोकांना विज्ञान शिकवून निवृत्त झालेली, आणि उरलेल्या निम्म्यांना ते शिकवायचं राहून गेलं याची चुटपुट लागलेली बाई. अध्यक्ष तर त्यांच्या वर्गात सातवीला दोनदा बसले होते. महाराजांचं खरं नाव काहीतरी लांबलचक, ज्वालांनी भरलेलं होतं, पण बाई त्यांना शेगडीमहाराज म्हणत, आणि पोरांनी ते उचललं होतं.

या टाकीवर बाईंचा जीव होता. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा इथे घरोघरी चुली होत्या. सकाळी वस्तीवर धुराचं पांघरूण असायचं आणि चाळिशीच्या बायका साठीच्या असल्यासारख्या खोकायच्या. पीक निघालं की मक्याची धाटं आणि केळीचे खुंट शेतातच पेटवून द्यायची रीत होती. आठवडाभर सूर्यसुद्धा मळकट दिसायचा. मग ही टाकी आली. धाटांची कुट्टी, केळीचे खुंट, बाजारातला सडका पाला आणि गोठ्यांतलं शेण पाण्यात कालवायचं आणि टाकीच्या पोटात सोडायचं. आत ते कुजायचं, घुमटात गॅस साठायचा आणि नळीवाटे घराघरांतल्या शेगड्यांना पोचायचा. उरलेला काला शेताला खत म्हणून जायचा. बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा डोळे न चोळता दूध तापवलं, तो दिवस त्या विसरल्या नव्हत्या.

आणि गेली काही वर्षं ही टाकी सांभाळत होती त्यांची सून. कुट्टी किती, शेण किती, पाणी किती, सगळं तिच्या हाताला ठाऊक होतं. पण महिन्याभरापूर्वी शेगड्यांचा निळा जाळ पिवळा झाला, मग फडफडायला लागला आणि शेवटी विझलाच. पुन्हा चुली आल्या, पुन्हा धूर आला. या खेपेला महाराज आले ते या धुरातूनच.

"टाकी का विझली?" महाराजांनी आता आवाज खाली आणला. "टाकी म्हणजे पोट आहे, माऊलीचं पोट! तिला रोज घास भरवतं कोण? जिची स्वतःची कूस भरल्या दिवसांत रिकामी झाली ती! तिच्या हातचा घास माऊलीच्या पोटात ठरेल कसा?"

सगळ्या माना एकदम वळल्या. सून टाकीच्या तोंडाशी काला ढवळायचं लांब लाकूड धरून उभी होती. मागच्या वर्षी तिचं मूल जन्मायच्या आतच गेलं होतं. ते घरात कुणी बोलत नसे. तिने लाकडावरचा हात सोडला नाही, पण कुणी सगळ्यांदेखत चापट मारावी तसं तिचं तोंड झालं.

बाईंना आता विनोद सुचेना.

महाराजांनी उपाय सांगितला. टाकीने उपास करायचा, कुणी तिला काही घालायचं नाही. रोज सकाळी ते स्वतः मंतरलेला अंगारा सोडतील, दिवस भरले की जाळ परत येईल. मात्र या बाईने टाकीला हात लावायचा नाही, आणि जाळ येण्याआधी वस्तीही सोडायची. पुढे टाकी त्यांचा शिष्य सांभाळेल आणि गॅस आधी त्यांच्या मठाच्या मुदपाकखान्यात जाईल.

"मान्य!" अध्यक्ष म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गर्दीत बाईंचा मुलगा उभा होता. त्याने टाळ्या वाजवल्या नाहीत, पण तोंडही उघडलं नाही.

ते त्याने घरी येऊन उघडलं. "आई, थोडे दिवस तिला माहेरी जाऊ दे. लोक शांत झाले की आणतो मी."

"लोक शांत झाले की म्हणजे कधी?"

"ते मला काय माहीत? ट्रक घेऊन निघालो की नाक्यावर चारजण विचारतात. मी काय उत्तर देऊ?"

"सांग, की माझी बायको टाकी चालवते आणि मी ट्रक चालवतो. ट्रक बंद पडला तर बायकोच्या कुशीत बिघाड शोधतोस का रे?"

आईशी तोंड वाजवण्यात मुलगा कधीच जिंकला नव्हता. तो ओसरीत जाऊन बसला. सून स्वयंपाकघरात चूल फुंकत होती. ती न वळता म्हणाली, "आई, तुम्ही भांडू नका. जाते मी. तिथे निदान कुणी माझ्याकडे असं बघणार नाही."

"तू गेलीस की महाराज खरे ठरले," बाई म्हणाल्या. "मग जन्मभर सगळीकडेच असं बघतील."

एवढ्यात आतल्या खोलीतून जाऊबाई कण्हत आल्या. त्यांनी प्रसाद म्हणून मिळालेला अंगारा कपाळाला चांगला जाडसर फासला होता, घामाने तो ओला झाला होता आणि कपाळाची आग आग होत होती.

"तेज आहे गं त्याच्यात! पापं जळतायत माझी!"

"पापं कपाळावर कधीपासून ठेवायला लागलात जाऊबाई? सोलून निघालंय ते! पुसा आधी!"

सुनेने धावत जाऊन हळदीची वाटी आणली. जाऊबाईंचा सगळ्या दुखण्यांवर हळदीचाच उपाय. अंगारा धड न पुसताच त्यांनी ओली हळद कपाळाला चोपडली आणि भिंतीवरच्या आरशात पाहिलं.

"रक्त! अगं रक्त आलं! मेले मी!"

हळद लालभडक झाली होती. मुलगा ओसरीतून धावत आला. सुनेच्या हातून वाटी पडायची राहिली. मास्तरीणबाई मात्र जावेच्या कपाळाकडे अशा हसून पाहत होत्या, जशा फळ्यावर गणित सुटल्यावर हसत.

"रक्त नाही हो. अहो, हळदीत चुना पडला की ती लाल होते. सातवीचा पहिला प्रयोग. जरा स्वस्थ बसा." त्यांनी जावेचं कपाळ आधी कोरड्या फडक्याने पुसलं आणि मग भरपूर पाण्याने धुतलं. "तुमच्या महाराजांचा अंगारा म्हणजे भिंतीला देतात तो चुना. तोही न विरवलेला, कळीचा. त्याच्यावर पाणी पडलं की तो असा तापतो की बादली उकळते. बेंबीचा काही संबंध नाही."

"चुना?" जाऊबाई ओरडल्या. "मला चुना लावला?"

"वस्तीलाच लावला. तुम्ही फक्त पुढे बसला होतात."

सून मात्र हसली नाही. ती विचारात पडली होती. "आई, पण चुनाच का? बादली उकळायला ठीक आहे, तो टाकीत कशाला सोडायचा? आणि खरं सांगू, मीसुद्धा हेच करणार होते. घालणं बंद करायचं आणि थोडा थोडा चुना. टाकी आंबट झाली होती. तोंडाशी वास घेतला तरी कळत होतं. मी अध्यक्षांना दोनदा सांगितलं, ते म्हणाले, थांब, महाराज येतायत."

"आंबट झाली कशाने?"

"तुम्हाला ठाऊक आहे की. महाराज पहिल्यांदा आले होते ना, पीक निघालं तेव्हा? त्यांनी सांगितलं, माऊली रोज कडबा खाते, तिला गोड खाऊ घाला. मग घरोघरचे लोक गूळ, साखर, काकवी, पिकून गळलेली फळं घेऊन आले. पिंपंच्या पिंपं. मी अडवलं तर म्हणाले, तुझ्या खिशातलं जातंय का?"

बाई पाटावर बसल्या. आता त्यांना सगळी साखळी दिसली. आधी आजार द्यायचा, मग औषध घेऊन यायचं, आणि मधल्या दिवसांत दोष घालायला एखादी बाई शोधायची. अंगारा चुना आहे हे लोकांना सांगून भागणार नव्हतं. लोक म्हणाले असते, महाराजांच्या हातात आला की चुन्याचाही अंगारा होतो. सुनेचा हात अशुभ नाही हे लोकांना डोळ्यांनी दिसायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी महाराज टाकीशी आले तेव्हा बाई तिथे आधीच तीन रिकामे तेलाचे डबे घेऊन बसल्या होत्या.

"महाराज, मी तुमची परीक्षा घ्यायला नाही, लोकांची श्रद्धा पक्की करायला आले," त्या गोड आवाजात म्हणाल्या. अध्यक्षांना हा आवाज ठाऊक होता. वर्गात तो ऐकू आला की पाठोपाठ छडी येत असे. "टाकीतला हा आंबलेला काला मी तिन्ही डब्यांत सारखा भरते. पहिल्यात काही घालायचं नाही. दुसऱ्यात तुम्ही मंत्र म्हणून अंगारा घाला. तिसऱ्यात माझी ही अशुभ सून पेंटरच्या बादलीतला साधा चुना घालेल. डब्यांची तोंडं बांधू. तुमचं खरं असेल तर तुमच्याच डब्यातला गॅस पेटेल, हिचा सडेल. मग मी स्वतः हिला माहेरी सोडून येईन."

सुनेने दचकून सासूकडे पाहिलं. मुलाने तर "आई!" म्हणून दंडच धरला.

"होऊन जाऊ द्या!" लोक ओरडले. त्यांना महाराजांबद्दल इतकी खात्री होती की महाराजांना नाही म्हणायला जागाच उरली नाही. त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली आणि चिमूटभर अंगारा मोठ्या थाटात डब्यात सोडला. सुनेने तेवढाच चुना मोजून तिसऱ्यात सोडला. बाईंनी दवाखान्यातल्या नर्सकडून आणलेले रबरी हातमोजे डब्यांच्या तोंडांवर ताणून बसवले, दोरीने घट्ट बांधले, आणि डबे सगळ्यांच्या नजरेसमोर अध्यक्षांच्याच व्हरांड्यात ठेवले. सून आणखी चुना तिच्या डब्यात कधी घालायचा ते सांगे, तेव्हा महाराजही आपल्या डब्यात तेवढाच अंगारा सोडत. मोजे सुटायचे, पुन्हा बांधले जायचे.

ते दिवस घरात जड गेले. सून जेवायला बसायची आणि घास चिवडत राहायची. मुलगा येता-जाता व्हरांड्यावरून चक्कर मारायचा आणि आईला विचारायचा, "तिसरा फुगला का?" बाई म्हणायच्या, "तुला काय करायचंय? तू माहेरी सोडणार होतास ना?" रात्री मात्र त्याही कूस बदलत पडत. सुनेचं अख्खं आयुष्य आपण एका तेलाच्या डब्यावर लावलं, आणि डब्यातले जंतू सातवीचं पुस्तक वाचून आलेले नसतात, हे त्यांना कळत होतं.

मग एके सकाळी अध्यक्षांच्या व्हरांड्यात हसण्याचा कल्लोळ उठला. तिन्ही मोजे टम्म फुगून, पाचही बोटं वर करून उभे होते. तीन डबे वस्तीला आशीर्वाद देत होते.

"जाऊबाई, पाया पडा," मास्तरीणबाई म्हणाल्या. "हे तर महाराजांपेक्षा स्वस्त."

महाराजांच्या चेहऱ्यावर तरतरी आली. "बघा! तिसराही फुगला, पहिलाही फुगला. म्हणजे ही सगळी माझ्या सान्निध्याची कृपा!"

"फुगणं निराळं आणि पेटणं निराळं, महाराज. ते आता इथे उभ्या उभ्या दिसेल." बाईंनी लोकांना मागे सरायला सांगितलं, पहिल्या मोज्याचं एक बोट चिमटीत धरलं, टोक कात्रीने कापलं आणि सोडलेल्या वाऱ्यासमोर काडी धरली. काडी विझली. दुसरी काडी, तीही विझली. मग महाराजांचा डबा. बोटाच्या टोकाला निळसर जाळ लागला. लोकांनी जयजयकार केला.

आता तिसरा. सुनेने डोळे मिटले. बाईंनी ओढलेली पहिली काडी मोडली. दुसरी धरली, आणि मोज्याच्या बोटावर निळा, शांत, स्वच्छ जाळ उभा राहिला. महाराजांच्या जाळाएवढाच, उन्नीस-बीसचाही फरक नाही.

जयजयकार अर्धवट राहिला.

पण असे महाराज इतक्यात हरत नाहीत. "भोळ्यांनो, त्या डब्यात पेटला तो माझाच मंत्र! वाऱ्यावर गेला तो! तिकडे टाकीतही जाळ येऊ घातलाय, चला दाखवतो!"

गर्दी टाकीकडे वळली, कारण गर्दीला वळायला आवडतं. टाकीशेजारी जोडलेल्या शेगडीवर खरंच जाळ दिसू लागला होता, बारीकसा. लोक पुन्हा हात जोडायला लागले. अंगाऱ्याचं उघडं पोतं टाकीच्या तोंडाशी ठेवलेलं होतं. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि पदर खोचला.

"लोकहो, चुकलं माझं! अंगाऱ्यात एवढी शक्ती असेल तर चिमूट चिमूट कशाला? टाकीचं भलं आजच्या आज होऊ द्या. उचला ते पोतं आणि ओता सगळं आत!"

"ओता, ओता!" भक्त तर आनंदाने वेडेच झाले. अध्यक्षांनी स्वतः पोत्याचं एक टोक धरलं, चौघांनी बाकीचं, आणि पोतं टाकीच्या तोंडावर कलंडलं.

"थांबा!"

ओरडणारे दोघे होते. एक सून. ती धावत जाऊन पोत्याला आडवी पडली होती. आणि दुसरे चौरंगावरून उडी मारून आलेले, कफनी पायात अडकून पडता पडता वाचलेले महाराज.

"गाढवांनो! एवढा चुना घालतात का? सगळे जंतू मरतील आतले! टाकी पुन्हा सुरू करायला अर्धं वर्ष जाईल!"

पोतं धरणारे पोतं धरूनच राहिले. महाराजांनी तोंडावर हात ठेवला, पण शब्द बाहेर पडून गेले होते.

"चुना?" सर्वांत आधी जाऊबाईच बोलल्या. कपाळावरची खपली अजून पडली नव्हती. "मेल्या, चुना म्हणालास!"

"आणि जंतू कसले, महाराज?" बाईंनी शांतपणे विचारलं. "माऊली होती ना आत? तिच्या पोटात जंतू झाले म्हणता?"

"मी... मंत्रशक्तीचे सूक्ष्म जीव..."

"कुठल्या टाकीवर कामाला होतात?" हे सुनेने विचारलं. ती पोत्यावरून उठली होती, चुन्याने पांढरीफटक झाली होती, पण पहिल्यांदाच मान वर करून बोलत होती. "इतकं नेमकं कळतं म्हणजे कुठेतरी काला ढवळलाय तुम्ही. मग तुम्हाला हेही ठाऊक होतं, की गुळाची पिंपं ओतली तर टाकी आंबते. ठाऊक असून ओतायला लावलीत. आणि नाव माझ्या मुलाचं घेतलंत."

महाराजांनी कफनी गोळा केली. शिष्य त्यांच्या आधीच दिसेनासा झाला होता.

"अहो, जाताय कुठे?" सून मागून म्हणाली. "आम्हाला काला ढवळायला माणूस हवाच आहे. अनुभवी असेल तर बरं."

वस्ती हसली. मोकळं, पोट धरून. महाराज वेशीपलीकडे जाईपर्यंत ते हसू त्यांच्या पाठीवर पडत राहिलं.

मग बाई चौरंगावर चढल्या. त्यांना उंचीची गरज होती आणि चौरंग रिकामा होता.

"ऐका, एकदाच सांगते. टाकी पोट आहे, एवढं त्याचं खरं होतं. या पोटात दोन जातीचे जंतू असतात. एक घाईचे. ते घातलेलं खाऊन आंबट करतात. दुसरे संथ. ते हे आंबट खाऊन आपल्याला जळणारा गॅस देतात. धाटं, पाला, शेण घातलं की दोघांची चाल जुळते. तुम्ही साखर ओतलीत, घाईवाले उधळले, आंबट इतकं साचलं की संथवाले गारद झाले. गॅस येत राहिला, पण जळेना, पहिल्या डब्यासारखा. टाकीला पित्त झालं होतं, बस्स. उपास आणि थोडा चुना, याने पित्त उतरलं. त्यात ना मंत्र, ना कुणाची कूस. आणि पोटातलं मूल जातं त्यालाही कारणं असतात, ती डॉक्टर सांगतात. कुणाची नजर, कुणाची सावली, त्यातलं एकही कारण नसतं. तुम्ही डब्यांकडे पाहिलंत तसं माणसांकडेही पाहा. सगळ्यांना सारखं वागवा, थोडं थांबा, मग काय होतं ते बघा. एवढंच विज्ञान मी तुम्हाला शिकवत होते. अध्यक्ष, कळलं का, का तिसऱ्यांदा बसता?"

अध्यक्षांनी चुन्याने माखलेले हात मागे लपवले. "कळलं, बाई." आणि मग सुनेकडे वळून, खाली बघत म्हणाले, "ताई, टाकी तुमचीच. उद्यापासून... म्हणजे, याल ना?"

सुनेने पदर झटकला. "येईन. पण कुणी काय घालायचं ते मी ठरवणार. आणि मला काही विचारायचं असेल तर मला विचारायचं, माझ्या नवऱ्याला नाक्यावर गाठून नाही."

नवरा पुढे आला. त्याने तिच्या केसांतला चुना झटकला.

"तोंड धुऊन घे," तो म्हणाला. "भाजेल."

"धुते. आधी हे पोतं बाजूला धर," ती म्हणाली. "एकटीला उचलत नाही."

त्याने एक टोक धरलं, तिने दुसरं, आणि वस्ती वाट करून देत मागे सरली.